पंपाला बोल लावण्यापूर्वी

देवळाखेरीज जिथे चपला बाहेर काढून आत जावे लागते अशी आणखी एक जागा आपल्याकडे तालुक्याच्या गावी असते. ती म्हणजे डिझेल पंपाची खोली. गॅरेजांच्या रांगेतून, ग्रीस आणि काळ्या ऑइलची डबकी चुकवत टोकाला गेले की काचेचे एक बंद दार दिसते. आत फरशी पुसलेली, पंखा बंद, टेबलावर स्वच्छ पत्रा आणि भिंतीशी एक मोठे यंत्र. त्याच्यावर काचेच्या नळ्या एका ओळीत उभ्या. तिथे बसलेला माणूस मिस्त्री कमी आणि रक्त-लघवी तपासणारा जास्त वाटतो. १९९१ सालापासून संगमनेरात अशा एका खोलीत मी बसतो.

पंप म्हटले की लोकांना रस्त्याकडेचा, डिझेल भरायचा पंप आठवतो. हा तो नव्हे. हा इंजिनाच्या कुशीला बसवलेला, दोन विटा जोडून ठेवाव्यात एवढा ऐवज. पण ‘पंप गेला’ हे दोन शब्द पिकअपवाल्याच्या घरात कोणी उच्चारले की सगळे गप्प होतात. पिकअप म्हणजे टन-दीड टन माल वाहणारी छोटी मालगाडी. टोमॅटो, कोबी, दूध, मांडवाचे सामान, झालेच तर लग्नाचे वऱ्हाडसुद्धा (कायदा नको म्हणतो, पण नेतात). घरातली एक कमावती व्यक्तीच ती. तिच्या हप्त्यावर शाळेची फी थांबलेली असते आणि तिच्या फेरीवर हप्ता. अशा घरात ते दोन शब्द किती जपून उच्चारावेत, हे मला एकदा चांगलेच शिकावे लागले. ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधी या पंपाचे काम काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी असते, डिझेलच्या गाडीत ती नसते. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून मूळच्या अठराव्या-विसाव्या हिश्शावर आणली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, तोच प्रकार. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेटतो. गंमत आहे ती या फवाऱ्यात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर त्या मिनिटात चार हजार फवारे मारावे लागतात. भरल्या गाडीला घाट चढताना एका फवाऱ्याला जेमतेम एक थेंब डिझेल लागते; गाडी जागेवर नुसती चालू असेल तर त्या थेंबाचाही लहानसा अंश. तो अंश चारही सिलिंडरला सारखा, नेमक्या क्षणी, आणि मोटारीच्या चाकातल्या हवेच्या शंभरपट दाबाने गेला पाहिजे. हे सगळे त्या दोन विटांएवढ्या डब्यात घडते.

घडते कसे? आत दर सिलिंडरला एक, अशा पोलादी दांड्या पोलादी नळीत वरखाली होत असतात. दांडी म्हणजे प्लंजर, नळी म्हणजे बॅरल, आणि दोघांच्या जोडीला आमच्या धंद्यात ‘एलिमेंट’ म्हणतात. होळीच्या पिचकारीसारखेच काम. फरक एवढाच की पिचकारीत कातड्याचे किंवा रबराचे वायसर असते, इथे काहीच नाही. पोलादावर पोलाद, आणि दोहोंमधली फट मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-तीन भाग; म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा पंचविसावा-तिसावा हिस्सा. एका जोडीतला प्लंजर दुसऱ्या जोडीच्या बॅरलला चालत नाही. नवी जोडी बरी आहे का ते पाहायची जुनी रीत अशी: डिझेलमध्ये बुडवून बॅरल तिरका धरायचा, प्लंजर थोडा बाहेर ओढून सोडायचा. तो आपल्या वजनाने, न अडखळता, सावकाश आत गेला पाहिजे. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला लग्नात अंतरपाट खाली येतो त्याची आठवण झाली होती. एवढ्या फटीत धुळीचा कण काय करील हे सांगायला नको. चपला बाहेर काढायच्या त्या यासाठी.

रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला चालवून दाखवले खरे, पण त्यात इंधन आत ढकलायला दाबलेल्या हवेचा आधार होता आणि त्या हवेसाठी वेगळा भलाथोरला कॉम्प्रेसर. असले धूड मोटारीत बसणार कसे? डिझेल १९१३ साली इंग्लंडच्या वाटेवर बोटीवरून नाहीसा झाला, आणि त्याचे इंजिन रस्त्यावर सर्रास धावायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. जर्मनीतल्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७ साली इंधनाचे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले तेव्हा कुठे डिझेलच्या ट्रकांना जोर आला. आपल्याकडे पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली आणि विहिरीविहिरीवर इंजिनाची टकटक ऐकू येऊ लागली. फवारा मारणारी नोझल तर आता नाशकातच बनतात. असो.

गोष्ट २००३ सालची, दिवाळीच्या आधीची. अकोले तालुक्यातले एक शेतकरी बारदानात गुंडाळलेला पंप मांडीवर घेऊन, मोटरसायकलवर मागे बसून माझ्या दाराशी आले. वय साठीचे, डोक्याला टोपी, पायातल्या वहाणा न सांगता बाहेर काढल्या. मी त्यांना अण्णा म्हणालो, तेच पुढे कायम राहिले. पिकअपमधून ते स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा टोमॅटो पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पाठवीत.

‘‘मिस्त्री, गाडी मोकळी चांगली पळती. पन माल भरला आन् चंदनापुरीच्या घाटाला लागली का निम्म्यात मान टाकती. धा-पंधरा मिन्टं उभी केली का पुन्हा चालती. पुन्हा मैलभरानं तेच.’’

गॅरेजमध्ये डिझेलचे फिल्टर बदलून झाले होते. फरक पडला नाही म्हणून तिथल्या मिस्त्रीने ‘पंप गेला’ असा निकाल देऊन पंप काढून यांच्या हाती दिला होता. अण्णांच्या त्या तीन-चार वाक्यांत सगळे निदान होते. मी ते ऐकलेच नाही. माझे लक्ष बारदानाकडे.

पंप बेंचवर चढवला. बेंच म्हणजे तेच भिंतीजवळचे यंत्र. ते पंपाला इंजिनासारखे फिरवते आणि कोणत्या सिलिंडरला किती डिझेल मिळते ते काचेच्या नळ्यांत मोजून दाखवते. चारपैकी दोन नळ्या कमी भरल्या. पंप उघडला. प्लंजरवर उभे ओरखडे दिसले. मी ते अण्णांना भिंगातून दाखवले आणि म्हणालो, ‘‘अण्णा, यात रॉकेल गेलंय.’’

‘‘रॉकेल? त्ये कोन घालील?’’

‘‘आता ते मी काय सांगू? टाकीतलं डिझेल विकून निळं रॉकेल भरणारे ड्रायव्हर काय कमी आहेत?’’

हे अगदीच खोटे नव्हते. रेशनचे निळे रॉकेल त्या काळी डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होते आणि भेसळ सर्रास चाले. डिझेलमध्ये जो किंचित तेलकटपणा असतो तो रॉकेलमध्ये नाही. पंपातल्या एलिमेंटना वंगण मिळते ते डिझेलचेच. रॉकेल गेले की पोलाद पोलादावर कोरडे घासते. हे सगळे मी त्यांना शिकवल्याच्या थाटात सांगितले. अण्णा काही बोलले नाहीत. एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, नोझल, मजुरी मिळून साडेआठ हजार झाले. धोतराच्या सोग्यातून काढून त्यांनी ते मोजले आणि पंप परत बारदानात गुंडाळून नेला.

त्याच संध्याकाळी त्यांनी ड्रायव्हरला काढून टाकले. शेजारच्या वाडीतला तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, तीन वर्षे त्यांच्या गाडीवर होता. चार लोकांत त्याला चोर म्हटले आणि राहिलेला पगारही दिला नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

चौथ्या दिवशी गाडी त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर उभी राहिली. ड्रायव्हर नवा, पंप नव्यासारखा, आजार तोच. माल सकाळच्या लिलावाला पोचला नाही आणि दुपारी टोमॅटोला भाव देतो कोण? दुसऱ्या दिवशी अण्णा गाडीच घेऊन आले. आरडाओरडा नाही, काही नाही. दाराबाहेर गाडी लावली आणि म्हणाले, ‘‘मिस्त्री, आता तुमीच सांगा.’’ त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मी ज्यांच्याकडे हे काम शिकलो ते उस्ताद पुण्याला नाना पेठेत असत. मोतीबिंदूमुळे काम सोडले होते. मी त्यांना फोन लावला. बेंचवर काय दिसले, आत काय निघाले, सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले.

‘‘गाडी बघितलीस?’’

‘‘नाही. पंपच आला होता.’’

‘‘मग पंप खराब आहे हे कोणी सांगितलं?’’

‘‘बेंचनं.’’

‘‘बेंच पंपाबद्दल सांगतो. गाडीबद्दल नाही. दीड लाख किलोमीटर चाललेला कुठलाही पंप उघड, काही ना काही निघणारच. माझी छाती उघडलीस तरी निघेल. म्हणून मी घाटात बसतो का?’’ थोडे थांबून ते म्हणाले, ‘‘दहा मिनिटं उभी राहिली की बरी होते म्हणतोस. अरे, झिजलेलं लोखंड दहा मिनिटांत भरून येतं का?’’

इथे एक सांगितले पाहिजे. काही गाड्यांना गोल, रोटरी जातीचा पंप असतो. तो झिजला आणि तापला की पातळ झालेले डिझेल आतल्या आत निसटते आणि गरम गाडी सुरू होत नाही. मग ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकतात आणि ती सुरू होते. पण त्या गाडीची तक्रार बंद केल्यावर चालू न होण्याची असते. चालता चालता दम तुटण्याची नव्हे. अण्णांच्या गाडीला सरळ, चार एलिमेंटचा पंप होता. उस्तादांचे म्हणणे तिला तंतोतंत लागू होते.

‘‘टाकीपासून निघ,’’ ते म्हणाले आणि फोन ठेवला.

डिझेलचा प्रवास टाकीतून सुरू होतो. टाकीत एक नळी बुडालेली असते, तिच्या तोंडाशी जाळी. तिथून पाइप पुढे इंजिनापाशी येतो. तिथे मोठ्या पंपाच्या अंगाला एक छोटा पंप असतो, तो फीड पंप. तो टाकीतले डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून मोठ्या पंपाला पुरवतो. फीड पंपाच्या मागची बाजू ओढण्याची, पुढची ढकलण्याची. आणि लोक नेमके इथेच फसतात. ढकलण्याच्या बाजूला पाइप फुटला तर डिझेल बाहेर ठिबकते, खाली डाग पडतो, कोणीही दाखवून देईल. ओढण्याच्या बाजूला चीर गेली तर थेंबही बाहेर येत नाही. उलट हवा आत जाते. पाइप कोरडा ठणठणीत, आणि आत मात्र डिझेलबरोबर बुडबुडे. मोठ्या पंपाला बुडबुडा दाबता येत नाही. हवा दबते आणि परत फुगते, नोझल उघडतच नाही. पाण्याच्या मोटरीने हवा धरली की काय होते ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

मी अण्णांच्या गाडीला मागून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडवला. पाच लिटरचा एक स्वच्छ कॅन केबिनच्या मागे बांधला, त्यातून पारदर्शक नळी फीड पंपाला जोडली आणि उरलेले डिझेल परत नेणारी नळीही त्याच कॅनमध्ये सोडली. म्हणजे गाडीची टाकी, जाळी आणि लांबचा पाइप हे तिघेही रजेवर. शेजारच्या दुकानातून सिमेंटची पोती उसनी घेऊन हौद्यात भरली. अण्णा स्वतः चालवायला बसले, मी शेजारी. चंदनापुरीच्या पायथ्याशी त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि आम्ही दोघेही बोलायचे थांबलो. ते वळण आले. गेले. गाडी एका दमात माथ्यावर पोचली. नळीत एक बुडबुडा नव्हता.

माथ्यावर अण्णांनी गाडी बाजूला घेतली, पण खाली उतरले नाहीत. ‘‘म्हंजे पंप चांगला व्हता?’’ त्यांनी विचारले.

‘‘थोडा झिजला होता. पण घाटात उभी राहत होती ती त्याच्यामुळे नाही.’’

परत येऊन टाकी उतरवली. जाळीची नळी बाहेर काढली, जाळी स्वच्छ. टाकी कलंडवून डिझेल ओतले तेव्हा शेवटी शेवटी तळहाताएवढा प्लॅस्टिकचा तुकडा घसरत बाहेर आला. खताच्या गोणीच्या आत असते तसले जाड, पांढुरके प्लॅस्टिक. सपाटीवर डिझेल थोडे लागते, ओढ हलकी असते, तुकडा आपला टाकीत इकडेतिकडे फिरे. घाटात ओढ वाढली की तो जाऊन जाळीला चिकटे आणि वाट बंद करी. इंजिन बंद पडले की ओढ संपली, तुकडा सुटला. दहा मिनिटांनी गाडी ताजीतवानी. त्याला पंप काय करणार, फिल्टर काय करणार आणि ड्रायव्हर तरी काय करणार?

अण्णांनी तो तुकडा हातात घेतला. विहिरीवरच्या इंजिनासाठी ते कॅनमध्ये डिझेल आणून ठेवीत आणि अडीअडचणीला त्यातलेच गाडीत ओतीत. कॅनचे झाकण गळते म्हणून त्याखाली असा तुकडा लावायची रीत घरोघरी आहे. ‘‘मीच लावलं व्हतं,’’ ते म्हणाले. त्यांनी तुकडा पुसला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘‘पोराला मी चोर म्हनलो.’’ तेव्हा मला ते सगळे कळले.

मजुरीचे पैसे मी परत दिले. सामानाचे मात्र त्यांनी घेतले नाहीत. ‘‘एलिमेंट झिजलंच व्हतं ना?’’ असे म्हणाले. दोन दिवसांनी आम्ही दोघे त्या मुलाच्या वाडीला गेलो. तो चाकणला गेला होता, कोणाच्या तरी ट्रकवर. त्याच्या आईने चहा दिला. अण्णांनी राहिलेला पगार तिच्या पुढ्यात ठेवला आणि झाले ते सांगितले. ती ऐकत होती. आम्ही निघालो तेव्हा ती एवढेच म्हणाली, ‘‘आता समद्यांना सांगा म्हंजे झालं.’’ अण्णांनी सांगितले. मीही ज्याला त्याला सांगत आलो. हा लेखही त्यातलाच.

त्यानंतर मी दाराला पाटी लावली : ‘नुसता पंप आणू नये. गाडी आणावी.’ आसपासच्या गॅरेजवाल्यांना ती फारशी रुचली नाही. काम निम्म्याने घटले, कारण येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच पंप न उतरवताच परत जाऊ लागल्या. पंप उघडण्यावर पोट असलेल्या माणसाने ‘पंप उघडू नका’ म्हणायचे, म्हणजे केशकर्तनालयात ‘केस वाढवा’ अशी पाटी लावण्यासारखे. पण धंदा बुडाला नाही हेही खरे.

आता गाडी आली की मी आधी चालवणाऱ्याला बोलता करतो. मालकाला नव्हे, चालवणाऱ्याला. सकाळी कशी सुरू होते? रात्रभर उभी राहिल्यावर खूप सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर ओकत एकदाची सुरू होते आणि मग दिवसभर तक्रार नाही, असे म्हणाला की माझी नजर पाइपाच्या जोडांकडे जाते. कुठेतरी बारीक हवा शिरते आणि रात्रीत डिझेल टाकीकडे उतरून जाते. फीड पंपावर हाताने मारायचा छोटा पंप असतो. सकाळी तो आधी मारून पाहावा. हाताला पोकळ लागला आणि पंधरा-वीस वेळा मारल्यावर घट्ट झाला, तर लाइनमध्ये हवा होती. दहा रुपयांचे तांब्याचे वायसर, एखादी क्लिप, हातभर रबरी नळी, एवढ्यात हे काम भागते. (थंडीत तापवणी देणारे हीटर प्लग गेले तरी सकाळी असाच त्रास होतो, पण तेव्हा हातपंप पहिल्यापासून घट्ट लागतो.)

काळा धूर दिसला की पंप जास्त डिझेल देतोय म्हणून ‘पंप सेट करा’ असा आग्रह असतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आपल्या रस्त्यांवर बहुधा हवाच कमी असते. हवेचा फिल्टर काढून उन्हाकडे धरावा. पलीकडचे काही दिसले नाही तर धुराचे उत्तर हातातच आहे. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र चिखलाने बुजले तरी गाडी तासाभराने गुदमरते, कारण डिझेल निघून गेलेल्या जागी हवा यावी कुठून? झाकण उघडताना फुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली तर तो एक सुईचा तुकडा घेऊन घरी करायचा इलाज आहे. एक सिलिंडर काम करत नसल्यासारखी गाडी थरथरत असेल तर इंजिन चालू ठेवून नोझलच्या नळीची एकेक नटी किंचित ढिली करून पाहायची रीत जुन्या मिस्त्रींची. ज्या नटीने आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आजारी.

ही शेवटची रीत मात्र आजच्या गाडीवर कोणी, कधीही करू नये. नव्या गाड्यांत सगळ्या नोझलना मिळून एकच जाड नळी असते, ती कॉमन रेल. तिच्यात डिझेल हवेच्या दाबाच्या दीड-दोन हजारपट दाबाने भरलेले असते. त्या दाबाची धार कातडीतून सरळ आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखे दिसते आणि तासाभरात हात शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो. इंजिन चालू असताना या नळ्यांना पान्हा लावायचा नाही, मुलांना जवळ उभे करायचे नाही.

इंधनही बदलले आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहाचे डिझेल आले. त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त दहा भाग. बीएस-तीनच्या डिझेलमध्ये ते साडेतीनशे होते. हवेसाठी उत्तमच झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा अंगचा तेलकटपणाही जातो, म्हणून रिफायनरीत तो वेगळा घालावा लागतो. नवे पंप त्या नेमक्या डिझेलवर जगणारे आहेत. भेसळ, पाणी, धूळ यांना ते जुन्या पंपाइतके सहन करीत नाहीत. एखादा आतून झिजून पोलादाचा चुरा सोडू लागला की तो चुरा रेल आणि सगळ्या नोझलमध्ये जातो आणि पुरा संच बदलावा लागतो. फिल्टर उघडून त्यात चमकते कण दिसतात का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. न पाहता नवा पंप बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

आणि आता स्कॅनर आला. तारेला जोडला की पडद्यावर अक्षरे उमटतात : ‘रेल प्रेशर कमी’. ती वाचून तरुण पोरे पंपाचा आकडा सांगतात. माझे म्हणणे, स्कॅनर म्हणजे माझा बेंचच. ताप एकशे दोन आहे एवढे तो सांगतो. मलेरिया की टायफॉइड, ते नाही. दाब कमी असेल तो फिल्टर तुंबल्याने, हवा शिरल्याने, दाब राखणारा व्हॉल्व्ह अडकल्याने, नाहीतर एखादे नोझल परतीच्या वाटेने डिझेल सोडत असल्याने. त्यासाठी चारही नोझलच्या परतीच्या नळ्यांना चार बाटल्या लावतात. जी बाटली लवकर भरते ते नोझल दोषी. पंप या यादीत आहेच, पण शेवटी.

तो मुलगा २०११ साली माझ्याकडे आला. चाकणला आठ वर्षे ट्रक चालवून त्याने स्वतःची जुनी पिकअप घेतली होती. मी ओळखले, त्यानेही. आम्ही दोघेही जुना विषय काढला नाही. पुढे तो दर दसऱ्याला गाडी दाखवून जाऊ लागला. अण्णा गेले त्या दिवशी त्याच्याच गाडीतून वाडीतली माणसे अंत्यविधीला आली, हे मी पाहिले.

गेल्या पावसाळ्यात तो पुन्हा आला. गाडी आता नवी, बीएस-सहाची. बोर्डावर पिवळा दिवा, आणि वेग चाळिसाच्या पुढे जाईना. एका ठिकाणी स्कॅनर लावून पंप आणि नोझल मिळून दीड लाखाचा अंदाज हाती दिला होता. तो कागद त्याने माझ्यापुढे ठेवला आणि हसून म्हणाला, ‘‘मिस्त्री, टाकीपासून.’’

तितके मागे जावे लागले नाही. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. त्याखाली स्टीलचा पेला धरला आणि स्क्रू ढिला केला. पेल्यात वर पिवळसर डिझेल आणि खाली चांगले अंगठाभर पाणी. टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवे टाकले, हवा काढली, दिवा विझवला. नोझलला बाटल्या लावून पाहिल्या. चारही सारख्या भरल्या. पाण्याने आत गंज धरला आहे का ते लगेच कळत नाही, म्हणून पंधरा दिवसांनी परत ये म्हणालो.

‘‘पण पाणी आलं कुठून?’’ मी विचारले. तो गाडीच्या मागे गेला. हौद्यात दोरीने बांधलेला डिझेलचा कॅन होता, पावसात उघड्यावर. मी झाकण फिरवून काढले. आतले रबरी वायसर केव्हाच गळून गेले होते.

‘‘अरे, वायसर नाही याला.’’

‘‘ठावं हाये,’’ तो म्हणाला. ‘‘पन प्लॅस्टिक लावायला हात होत नाही.’’

मी खणातून एक वायसर शोधून त्याला दिले.